डाव्या खांद्यावरची बंदूक

आमच्या घरात बंदुकीची सगळ्यात जास्त माहिती बाबांना होती, आणि आयुष्यात कधी बंदूक हातात न धरलेला माणूसही घरात ते एकटेच होते. आईनं निदान गावाकडच्या जत्रेत फुगे तरी फोडले होते. बाबा चाकणच्या एका कंपनीत स्टोअरला होते. दिवसभर सुट्या भागांच्या सहवासात राहिलेल्या माणसाला जगातली कुठलीही अडचण एखादा भाग बदलला की सुटेल, असं वाटायला लागतं. मिक्सर कुरकुरला की वॉशर गेला. कुकरची शिट्टी झाली नाही की रिंग गेली. मला गणितात कमी मार्क पडले तेव्हा त्यांनी नवा कंपासबॉक्स आणला होता. त्यामुळे मी नेमबाजी शिकायला लागले आणि माझे छर्रे कागदावर वाट्टेल तिथं पांगायला लागले, तेव्हा बाबा पोरीत दोष न शोधता बंदुकीत शोधणार, हे ठरलेलंच होतं.

आम्ही मूळचे परभणीकडचे. रहाटणीत नानांच्या चाळवजा खोल्यांपैकी दोन आमच्याकडे होत्या. नाना म्हणजे आमचे घरमालक, तिथल्या जुन्या गावकीतले. त्यांच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण अंगणात एक म्हैस त्यांनी हट्टानं ठेवली होती, आणि पहाटे आमची झोप आधी म्हैस मोडायची, मग बाबांच्या कंपनीच्या बसचा हॉर्न. दुपारी बाबा फर्स्ट शिफ्टहून आले की आई येसराची आमटी पुन्हा गरम करायची. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचा मसाला, तिच्या माहेरून डब्यातून यायचा आणि त्याची फोडणी बसली की शेजारच्या खोलीतली कोकणी सावंतीण दारात येऊन नाक पुसत उभी राहायची. शनिवारी सुशीला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा हा आमचा मराठवाड्यातला नाश्ता नानांना अजिबात पटत नसे. "ओलं चुरमुरं खात्यात व्हय कुणी," असं म्हणत ते दोन बशा संपवायचे.

चिंचवडच्या आमच्या शाळेच्या मागं सायकल स्टँडची एक जुनी शेड होती. तिचं नेमबाजीचं रेंज झालं होतं. एका बाजूला लाकडी टेबलं, दहा मीटरवर कागदी टार्गेटं, आणि मधे दोरी आणि कप्पी. छर्रा मारायचा, दोरी ओढून कागद जवळ आणायचा, आणि आपण काय दिवे लावले ते बघायचं. आवाज म्हणाल तर 'टप्' एवढाच. घरी बाबांना तो आवाज करून दाखवला तर त्यांना फार वाईट वाटलं होतं. शिकवायला देशमुख मॅडम होत्या. किडकिडीत, हळू आवाजाच्या, आणि रागावल्या की आणखी हळू बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी अख्खा वर्गच हौसेनं आला होता. एवढ्या मुलींना रांगेत उभं करता करता मॅडमच्या मदतनीस बाईंनी प्रत्येकीच्या उजव्या खांद्याला बंदूक टेकवून दिली, कारण सगळ्या उजव्याच हातानं लिहीत होत्या. महिनाभरात वर्ग पांगला. आम्ही चौघी-पाच जणी उरलो. त्यात मी होते ती नेम चांगला होता म्हणून नव्हे. मला त्या शेडमधली शांतता आवडायची, आणि स्थिर उभं राहणं मला जमायचं. घरात म्हैस, हॉर्न आणि बाबा असले की माणूस स्थिर उभं राहायला आपोआप शिकतं.

एअर रायफलला पुढं नळीच्या टोकाशी एक बारीक रिंग असते, आणि मागं डोळ्यापाशी एक चकती. चकतीच्या मधोमध सुईनं पाडावं तसं भोक. त्या भोकातून बघायचं, पुढची रिंग मधोमध आणायची आणि रिंगच्या मधोमध टार्गेटचा काळा गोल बसवायचा. काळा गोल थोडा धूसर दिसला तरी चालेल, रिंग मात्र लख्ख दिसली पाहिजे, असं मॅडम सांगायच्या. मी मान डोलवायचे. मला दोन्ही धूसरच दिसायचं. पण लख्ख म्हणजे किती लख्ख, हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि बाकीच्यांना माझ्यापेक्षा वेगळं काही दिसत असेल हे माझ्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. कधी छर्रे बऱ्यापैकी आत लागायचे, कधी कागदाच्या चारी कोपऱ्यांना भेटून यायचे. "रिंगकडे बघ उज्ज्वला, टार्गेटकडे नको," मॅडम हळू आवाजात म्हणायच्या. त्या आवाजाची पट्टी दर आठवड्याला खाली जात होती.

हे घरी कळल्यावर रविवारी अंगणात बैठक बसली. नाना खाटेवर, बाबा पायरीवर, आणि मी भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या निमित्तानं मध्ये.

"दुर्बीण न्हाई का बंदुकीला?" नानांनी विचारलं.

"नाही, नुसती रिंग आहे," मी म्हणाले.

"आमच्या टायमाला नुसती माशी असायची नळीच्या टोकाला. माशी दिसली का जनावर दिसलं, जनावर दिसलं का संपलं." नानांकडे कोणे एके काळी पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक होती. नदीकाठच्या उसात शिरणाऱ्या डुकरांच्या गोष्टी ते इतक्या रंगवून सांगायचे, की त्यातलं एकही डुक्कर कधी पडलं नव्हतं हे ऐकणाऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागायचा. "आन् तू तर कागुद मारतीस. कागुद पळत बी न्हाई."

"नाना, विनोद सोडा," बाबा म्हणाले. "मुद्दा असा आहे, की साधन कमी पडायलंय."

बाबांची शुद्ध भाषा कंपनीतली होती. मनापासून काही बोलायचं झालं की तिच्या शेपटाला परभणी लागायची.

पुढच्या रविवारी बाबा पुण्याच्या जुन्या बाजारात गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बंदुकीवर बसवायची खरोखरची दुर्बीण घेऊन आले. काळी, जड, एका बाजूनं पोचा पडलेली. विकणाऱ्यानं ती जर्मन असल्याचं सांगितलं होतं. बाबांनी ती आधी म्हशीवर रोखून पाहिली, मग समोरच्या इमारतीवर, मग आईवर. "केवढी जवळ आलीस," ते आईला म्हणाले. "मग दुर्बीण ठेवा आणि पाणी भरा," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ते माझ्याबरोबर रेंजवर आले. मॅडमनी दुर्बीण हातात घेतली, उलटसुलट केली.

"छान आहे. जर्मन दिसते."

"तसंच म्हणत होता तो," बाबा खूश झाले.

"पण आमच्या प्रकारात दुर्बीण चालत नाही. लावली तर मुलीला स्पर्धेतून बाहेर काढतील."

"मग बघायचं कशानं?"

"डोळ्यानं," मॅडम म्हणाल्या.

बाबांना हे उत्तर उद्धटपणाचं वाटलं. दुर्बीण नानांनी मागून घेतली, आणि त्यांच्या शिल्लक राहिलेल्या एका गुंठ्यात कोण कचरा टाकतं ते गच्चीवरून बघण्यासाठी ती कायमची त्यांच्याकडे गेली. पुढं कित्येक दिवस ते वरून नावानिशी हाका मारायचे आणि माणसं खाली दचकायची.

दुर्बिणीचा विषय संपला, पण मॅडमना दया आली असावी. त्यांनी बाबांना एक परदेशी कॅटलॉग वाचायला दिला. तो देऊन त्यांनी किती मोठी चूक केली ते त्यांना लवकरच कळलं. बाबांनी त्या कॅटलॉगला कंपनीतलं जाड प्लास्टिकचं कव्हर घातलं. आमटीत भाकरी चुरता चुरता ते मोठ्यानं वाचायचे. मागच्या चकतीतलं भोक लहानमोठं करता येतं, त्याला आयरिस म्हणतात. त्यावर पिवळी काच बसवता येते, मग काळं जास्त काळं दिसतं. डोक्याला पट्टा, पट्ट्याला झडप, गालाखाली उशी, पायात सपाट तळव्याचे बूट. "जेवताना तरी बंदूक खाली ठेवा," आई म्हणायची. बाबा पान उलटायचे. आज दुकानं फोनमध्ये आली आहेत. असा एखादा भाग मनात आला की संध्याकाळपर्यंत तो फोनवर आपल्यामागं लागतो. बाबांना ते सुख मिळालं नाही हे बरं झालं, नाहीतर आमची दुसरी खोलीही गेली असती.

बाबांनी आधी झडप हाती घेतली. नेम धरताना एक डोळा मिटला की चेहरा आखडतो, म्हणून न लागणाऱ्या डोळ्यासमोर एक छोटा पडदा लावतात, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवतात. बाबांनी काळ्या पुठ्ठ्याची झडप कापली. मॅडम म्हणाल्या, काळी नको, पांढरी हवी, उजेड आत आला पाहिजे. मग पारखून पारखून बाबांनी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण पसंत केलं. ते दुधी होतं, उजेड आत सोडायचं आणि दृश्य अडवायचं. पहिलं झाकण कापताना तडकलं, दुसरं जरा मोठं झालं, आणि आम्हाला जवळजवळ पंधरवडाभर श्रीखंड खावं लागलं. नानांनी या कामात मनापासून साथ दिली. शेवटी एक सुरेख गोल झडप तयार झाली. कडा बाबांनी काचकागदानं घासून गुळगुळीत केल्या होत्या, मला टोचू नये म्हणून. ती मी डाव्या डोळ्यासमोर लावली. छर्रे होते तसेच पांगत राहिले.

जिल्ह्याची स्पर्धा जवळ आली होती. तीत ठरावीक गुण पडले तर राज्य स्पर्धेला जायला मिळणार होतं. मॅडमनी मला एका बाजूला घेऊन सांगितलं, की माझं उभं राहणं उत्तम आहे, श्वास उत्तम आहे, बोट उत्तम आहे, आणि तरी हे असं का होतं ते त्यांना कळत नाही. या मोसमानंतर आपण बसून विचार करू, असंही त्या म्हणाल्या. बसून विचार करू याचा अर्थ मला कळला. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, की आपण मुळातच मठ्ठ आहोत आणि बाकी सगळे सभ्यपणे ते बोलून दाखवत नाहीत. घरी येऊन मी खाली मान घालून ताट वाढून घेतलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, कॅटलॉग उघडला आणि म्हणाले, "पिवळी काच राहिली आहे अजून."

परदेशातून काच मागवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून बाबा मला स्कूटरवर बसवून पिंपरीत हमीदचाचांच्या चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. चाचा आमच्या भागातल्या निम्म्या लोकांचे चष्मे करायचे. पांढरी दाढी, स्वतःच्या नाकाच्या टोकावर आलेला चष्मा, आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला पहिल्यांदा पाणी. बाबांनी त्यांना सविस्तर सांगितलं, की कशी काच पाहिजे, किती पिवळी पाहिजे, आणि ती कुठं बसणार आहे.

"काच देता हूँ ना," चाचा म्हणाले. "पण नंबर बघू द्या आधी. बस बेटा."

त्यांनी माझा उजवा डोळा झाकला. भिंतीवरच्या पाटीवरच्या सगळ्या ओळी मी खालपर्यंत धडाधड वाचल्या. मग त्यांनी डावा झाकला.

"वाच."

"वरचं मोठं अक्षर आहे एक," मी म्हणाले.

"त्याच्या खाली?"

"खाली पुसट आहे."

"उजू, मस्करी करू नकोस," बाबा मागून म्हणाले. "चाचांचा वेळ जायलाय."

मी मस्करी करत नव्हते. चाचांनी माझ्या नाकावर तो लोखंडी सांगाडा बसवला आणि त्यात एकामागून एक भिंगं घालत गेले. आता? तसंच. आता? तसंच. आता बरं? तसंच. बाबा खुर्चीवरून उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. भिंगांची पेटी जवळजवळ संपली तेव्हा चाचांनी सांगाडा काढून ठेवला, आणि माझ्याशी न बोलता बाबांकडे बघितलं.

"भाईसाब, लहानपणी कुणी डोळे नाही तपासले हिचे?"

"नाही. म्हणजे, कधी तक्रार नव्हती."

"तक्रार नसतेच. एक डोळा चांगला असला की मूल त्याच्यावरच काम भागवतं. दुसरा आळशी होऊन जातो. आता चष्म्यानं फरक नाही पडणार. चार-पाच वर्षांची असताना चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली असती तर..." चाचा मध्येच थांबले. "मैं दुकानदार हूँ. आप डॉक्टर को दिखाओ."

डॉक्टरांनीही दोन दिवसांनी तेच सांगितलं. डाव्या डोळ्याची नजर उत्तम होती. उजव्याची आता येण्यासारखी नव्हती. मी एवढे महिने ज्या डोळ्यानं नेम धरत होते तो जवळजवळ बघतच नव्हता, आणि जो बघत होता त्याच्यासमोर बाबांनी एवढ्या मायेनं कडा घासून घासून श्रीखंडाचं झाकण लावलं होतं. आज हे लिहिताना मला हसू येतं. तेव्हा आमच्या घरात कुणी हसलं नाही.

चाचांच्या दुकानातून आम्ही स्कूटरवर परत निघालो. बाबा एरवी मागं मान वळवून बोलायचे आणि मला भीती वाटायची. त्या दिवशी ते सरळ समोर बघत होते आणि मला जास्त भीती वाटली. काळेवाडीच्या अलीकडे एका रसवंतीपाशी थांबून त्यांनी मला रस दिला, स्वतः घेतला नाही. घरी आल्यावर आईला त्यांनीच सांगितलं. आई पोळपाटापाशी बसली होती, ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "लहानपणी मान वाकडी करून टीव्ही बघायची. आपण चिमणी म्हणायचो तिला. हसायचो." बाबा म्हणाले, "हौ." तेवढंच. मी चार-पाच वर्षांची असताना आम्ही परभणीहून इकडे आलो होतो. कंपनी नवी, खोली नवी, भाषा नवी. त्या दोघांना स्वतःकडे बघायला फुरसत नव्हती, आणि माझ्याकडे बघितलं तर मी खात होते, धावत होते, पहिल्या बाकावर बसून नंबर काढत होते. हे मी त्यांना नंतर अनेकदा सांगितलं. ज्यांना मुख्यतः सांगायचं त्या बाबांना ते पटलं नाही.

पुढचे काही दिवस घरात फार वाईट गेले, आणि वाईट म्हणजे काय, तर सगळे एकमेकांशी नीट बोलायला लागले. बाबांनी कॅटलॉग कपाटावर ठेवून दिला. आई त्यांना टोमणे मारीना. सुशीला केला तर नानाही नावं न ठेवता खाऊन उठले. आमच्या घराला चेष्टेची इतकी सवय होती, की ती बंद झाल्यावर पंखा बंद झाल्यासारखं वाटायचं.

मॅडमना सांगायला मी एकटीच गेले. त्यांनी हातातली बंदूक टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मीच डोळे बघायला हवे होते तुम्हा सगळ्यांचे." आणि त्यांनी माझ्यापुढं सरळ गोष्ट ठेवली. इथंच थांबायचं असेल तर कुणी काही म्हणणार नाही. पुढं जायचं असेल तर बंदूक डाव्या खांद्यावर घ्यावी लागेल, म्हणजे उभं राहण्यापासून सगळं उलटं, पहिल्यापासून. यंदाची राज्य स्पर्धा विसरायची. मी म्हटलं, एकदा बघू तर द्या.

त्यांनी बंदुकीची गालाखालची लाकडी उशी काढून दुसऱ्या बाजूला बसवली, आणि बंदूक माझ्या डाव्या खांद्यावर दिली. ती परक्या माणसासारखी वाटत होती. हात कुठं जावा कळेना, पाय कुठला पुढं ते कळेना. मी कसाबसा गाल टेकवला आणि चकतीच्या भोकातून डाव्या डोळ्यानं बघितलं. समोर रिंग होती. काळी, गोल, तिला कड होती. काजळाच्या बोटानं न काढता टाकानं काढावी तशी कड. आणि तिच्या आत दूरवर तो काळा गोल, भोवती पांढरं, सगळीकडून सारखं. मी छर्रा मारलाच नाही. नुसती बघत राहिले.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"सगळ्यांना असं दिसतं?" मी म्हणाले.

"हो."

"पहिल्यापासून?"

मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. मी मठ्ठ नव्हते एवढंच मला कळलं होतं, आणि तेवढं त्या वयात पुष्कळ असतं.

घरी आले तेव्हा बाबा नुकतेच शिफ्टहून येऊन पायरीवर बूट काढत होते. मी त्यांना म्हटलं, "बाबा, मला रिंग दिसली."

"कशी दिसली?" त्यांनी वर न बघता विचारलं.

मी आत जाऊन आईची एक बांगडी आणि एक काळी टिकली आणली. टिकली पायरीच्या फरशीवर चिकटवली आणि बांगडी तिच्याभोवती बरोबर ठेवली. "अशी," मी म्हणाले. बाबा एक बूट पायात, एक हातात, असे त्या बांगडीकडे बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी एका बोटानं बांगडी किंचित डावीकडे सरकवली. "आता बरोबर मधोमध आली," ते म्हणाले. आतून आईचा आवाज आला, "बांगडी परत द्या माझी. आणि बूट काढायला किती वेळ लावायलेत." मी मनात म्हटलं, चला, पंखा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी कॅटलॉग कपाटावरून खाली आला. डावखुऱ्यांचं पान बाबांनी आजवर वगळलंच होतं. नेमबाजीचं जाकीट हे एक वेगळंच प्रकरण असतं, जाड कॅनव्हासचं, खांद्याला आणि कोपरांना रबरी ठिगळं लावलेलं. माझं जुनं घेतलेलं होतं, आणि त्याचं खांद्याचं ठिगळ अर्थातच उजवीकडे. आईनं ते उसवून डाव्या बाजूला लावलं. त्या कापडात तिच्या दोन सुया मोडल्या आणि तिनं जाकिटाला परभणीकडच्या निवडक शिव्या दिल्या. माझा डावा हात शहाणा व्हावा म्हणून बाबांनी फर्मान काढलं, की मी चहा डाव्या हातानं ओतायचा, कुलूप डाव्या हातानं उघडायचं, दळणाचा डबा डाव्या खांद्यावर आणायचा. नानांना या सगळ्यात परमानंद झाला. "उजे," ते गच्चीवरून ओरडायचे, "आता तुला डावे म्हनायचं का आमी?" चहा बरेच दिवस बशीत जास्त आणि कपात कमी पडत होता.

जिल्ह्याच्या स्पर्धेला मी डाव्या खांद्यानं उतरले. पुण्यातलं मोठं रेंज, ओळीनं उभ्या मुली, एकसारखा टप् टप् आवाज. माझ्या शेजारची मुलगी उजवी, मी डावी, त्यामुळे आम्ही दोघी समोरासमोर तोंडं करून उभ्या होतो आणि बिचारीला सारखं माझ्याकडे बघावं लागत होतं. मागं लाकडी बाकावर आईबाबा आणि नाना. माझ्या हातांना हे काम येऊन फार दिवस झाले नव्हते. पात्र ठरायला लागणारे गुण मला पडले नाहीत. बरेच कमी पडले. पण संपल्यावर मॅडमनी कागद आणून माझ्यासमोर धरले. छर्रे मधोमध नव्हते, जरा खाली डावीकडे होते. मात्र सगळे एकाच जागी होते, एकमेकांना धरून, कुटुंबासारखे. "हे मला पुरे आहे," मॅडम म्हणाल्या. पुढच्या वर्षी मी राज्याला गेले, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. पदक मिळालं नाही. पुढं कॉलेज आलं, नोकरी आली, बंदूक मागं राहिली. मध्यंतरी मी तसलं एक नवं रेंज बघून आले. आता दोरी-कप्पी नाही, छर्रा लागला की बाजूच्या पडद्यावर लगेच गुण उमटतात. मलाही आता वाचायला चाळीशी लागते, दोन्ही काचांची, जरी कामाची एकच असली तरी.

जिल्ह्याच्या स्पर्धेच्या त्या दिवशी रेंजबाहेर बाबांनी मला गुणांबद्दल काही विचारलं नाही, साधनांबद्दलही नाही. "डोळा दुखत नाही ना?" एवढंच विचारलं. मला वाटलं होतं, आता त्यांचं मन शांत झालं. तसं नव्हतं. त्यांनी एक वेगळंच काम हातात घेतलं होतं.

नानांच्या खोल्यांत भाडेकरूंची पोरं पुष्कळ होती. रविवारी सकाळी बाबा त्यांना अंगणात रांगेत बसवायचे, भिंतीवर मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर लटकवायचे, आणि एकेकाचा एक डोळा झाकून तारखा वाचायला लावायचे. वाचता न येणाऱ्यांना ते चित्रं दाखवायचे. कंपनीच्या बसमध्येही ते दिसेल त्याला विचारायचे, पोरांचे डोळे तपासले का, एकेक करून तपासले का. लोक त्यांना टाळायला लागले. "पाव्हणं, कंपाउंडर झालात व्हय?" नाना विचारायचे. बाबा दाद द्यायचे नाहीत. महिन्याभरात कुणाच्याच डोळ्यात काही निघालं नाही, आणि मग एका रविवारी सावंतांची तन्वी, तीन वर्षांची, डावा डोळा झाकल्यावर रडायला लागली. उजवा झाकला तर गप्प. बाबांनी पुन्हा डावा झाकला, पुन्हा रडली.

"आमच्या तन्वीक सगळा दिसता," सावंतीण घाबरून म्हणाली.

"दिसतं, वहिनी. एकाच डोळ्यानं दिसतं," बाबा म्हणाले, आणि त्याच आठवड्यात त्या मायलेकींना डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली. तन्वी ती लावू द्यायची नाही. लावली की ओरबाडून काढायची, भिंतीला चिकटवायची, एकदा म्हशीला चिकटवली. सावंतीण रडकुंडीला आली. तेव्हा बाबांनी एक दिवस शिफ्टहून आल्यावर आईला काहीतरी सांगितलं, आणि थोड्या वेळानं स्वतःच एका डोळ्यावर पट्टी लावून अंगणात येऊन बसले. तन्वी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं आपली पट्टी आईकडून लावून घेतली आणि त्यांच्या शेजारी बसली. त्या दिवसापासून दुपारभर ती दोघं एकेक डोळा झाकून पायरीवर बसायची. शेंगा फोडायची, मणी ओवायची, कॅलेंडरवरचे आकडे शोधायची. बाबांना एका डोळ्यानं सुईत दोरा घालता येत नसे आणि तन्वीला ते फार आवडायचं. नानांना तर विषयच मिळाला होता. रस्त्यानं जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला थांबवून ते दाखवायचे, "हे बगा, आमच्या हितं दोन दरोडेखोर राह्यला आल्यात."

किती महिने हे चाललं ते आता आठवत नाही. पावसाळा गेला, थंडी आली एवढं आठवतं. एका दुपारी मी कॉलेजच्या अर्जासाठी फोटो काढून घरी आले, तर बाबा तन्वीला कॅलेंडरपासून दूर, पार म्हशीच्या गोठ्यापाशी उभं करत होते. नाना खाटेवर उठून बसले होते. सावंतीण दारात होती, तोंडाला पदर लावून.

"खालच्या ओळीत शेवटी काय आहे?" बाबांनी विचारलं.

तन्वीनं उघडा डोळा बारीक न करता, मान वाकडी न करता, सरळ बघितलं. "तीन आणि एक," ती म्हणाली. "आणि बाजूला चंद्र आहे छोटा."

तो चंद्र अमावास्या-पौर्णिमेच्या खुणेचा, ज्वारीच्या दाण्याएवढा होता. मला डाव्या डोळ्यानं तो तिथून जेमतेम दिसत होता. बाबा तन्वीपुढं उकिडवे बसले. त्यांनी तिच्या डोळ्यावरची पट्टी हळूच काढली, मग स्वतःची काढली, आणि पाठ फिरवून दोन्ही डोळे पुसायला लागले.

"रडताय व्हय, पाव्हणं?" नानांनी विचारलं.

"नाही हो, नाना. पट्टीचा गोंद झोंबायलाय डोळ्याला."

नाना पुन्हा खाटेवर आडवे झाले.  बाबांची पट्टी आईनं जुन्या लुगड्याच्या काठाची शिवलेली होती, कानाला नाडी बांधून घालायची. तिला गोंद नव्हताच.